बाकोला सकाळी जाऊन संध्याकाळी परत? जमत असेल तर एक रात्र राहाच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा होता की मेच्या शेवटी सिंगापूरला भावाकडे जाताय, तिथून चार दिवस कुचिंगला, म्हणजे बोर्निओ बेटावरच्या मलेशियातल्या शहराला, काढलेत, बरोबर बारा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई आहेत, तर बाको नॅशनल पार्क सकाळी जाऊन संध्याकाळी परत असं केलं तर ती लांब नाकाची माकडं दिसतील का, आणि ट्रेल कुठला करायचा. मी बरीच वर्षं छोटे ग्रुप घेऊन बोर्निओला जाते, त्यातलं बाको हे माझं सगळ्यात आवडतं जंगल, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. आधी मुद्द्याचं सांगते. दिवसभरात जाऊन आलात तरी माकडं दिसू शकतात, पण तुम्ही जंगलात असाल ते नेमके चुकीचे तास असतील. चारातला एक दिवस कमी करून एक रात्र आत राहा. आणि किती किलोमीटर चाललो हा हिशोब डोक्यातून काढून टाका, बाकोत दिवसाची वेळ आणि समुद्राची भरती-ओहोटी या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे.

पार्क तसं लहान आहे, जेमतेम 27 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या साधारण पाव. 1957 साली झालेलं, मलेशियाच्या सारवाक राज्यातलं सगळ्यात जुनं. कुचिंगहून गाडीने पाऊण ते एक तासात बाको गावाच्या धक्क्यावर पोचता, तिथून पुढे रस्ताच नाही, छोट्या बोटीने वीस-तीस मिनिटं नदीच्या मुखातून समुद्रात येऊन तलोक आसामच्या किनाऱ्यावर उतरायचं. पार्कचं ऑफिस, कँटीन, राहायच्या खोल्या सगळं तिथेच. या एवढ्याशा जागेत खारफुटी, किनाऱ्यावरचं जंगल, कड्यावरची झुडपं, उंच झाडांचं वर्षावन, दलदलीचं जंगल, वरच्या पठारावर खुरटं जंगल आणि त्यात मध्येच उघडं माळरान, असं सगळं एकाला एक लागून आहे. सकाळी तासभर चाललात तरी तीन वेगळ्या जंगलांतून जाता, म्हणून प्राणी बघायला एवढी सोपी जागा बोर्निओत कमी सापडते.

आता रात्र का राहायची ते. डे ट्रिपवाले लोक साधारण नऊ-दहाच्या सुमारास उतरतात आणि तीन-साडेतीनपर्यंत त्यांच्या बोटी परत निघतात. प्रोबॉसिस, म्हणजे तुमच्या त्या लांब नाकाच्या माकडाचा दिवस नेमका याच्या उलट असतो. हे माकड मुख्यतः पाला, कच्ची फळं आणि बिया खातं, आणि पोटाचे कप्पे असे की गुरांसारखं आत आंबवण होऊन मग ते पचतं. म्हणून पोट एवढं सुटलेलं दिसतं. पिकलेलं गोड फळ त्याला चालत नाही, आत फार जोरात आंबतं आणि पोट फुगतं. असं खाणं असल्यामुळे सकाळी पोटभर खायचं, मग भर दुपारी दाट पानात बसून तासन्‌तास पचवत राहायचं, आणि उन्हं कलली की परत खायला निघायचं, असा त्यांचा क्रम. संध्याकाळी चार-साडेचार ते अंधार पडेपर्यंत आणि सकाळी उजाडल्यापासून आठपर्यंत, हे दोन तुकडे तुमच्या हातात असायला हवेत आणि ते मुक्कामाला असलात तरच मिळतात. मी कितीतरी वेळा बघितलंय, शेवटची बोट गेली, किनारा रिकामा झाला की तासाभरात ऑफिसच्या बाजूच्या खारफुटीत पहिली फांदी हलते.

बघायचं कुठे? तीन जागा लक्षात ठेवा. ऑफिसजवळ खारफुटीतून जाणारा लाकडी पूल, तलोक देलिमाचा ट्रेल, आणि तलोक पाकूचा ट्रेल. दोन्ही ट्रेल एका बाजूने एक-सव्वा किलोमीटरचे, पण मुळं आणि चढउतार यामुळे पाऊण ते एक तास धरा. देलिमा खारफुटीकडे जातो, पाकू छोट्या खाडीवर उतरतो. ओहोटीला चिखल उघडा पडला की माकडं खारफुटीच्या कडेला खाली येतात, तेव्हा पुलावरून अगदी जवळून दिसतात. भरतीचं टेबल नेटवर मिळतं, ते जाण्याआधीच बघून ठेवा आणि ओहोटी संध्याकाळी येईल असे दिवस निवडता आले तर उत्तमच.

पण जागेपेक्षा कसं बघता याला जास्त महत्त्व आहे आणि यावर मी प्रत्येक ग्रुपशी बोलते. ताडोबाची सवय असलेली माणसं इथे सुरुवातीला हिरमुसतात. तिथे जीप असते, सांबराचा कॉल येतो, गाइड बोटाने दाखवतो, समोर मोकळा रस्ता असतो. वर्षावनात प्राणी डोक्यावर चाळीस-पन्नास फुटांवर पानाआड असतो आणि तुमचं लक्ष खाली मुळांवर, कारण पाय घसरतो. चालत राहिलात तर दोन तासांत काही दिसणार नाही, आणि मग परत येऊन लोक म्हणतात जंगल रिकामंच आहे. म्हणून थांबायचं. पंधरा-वीस मिनिटं एका जागी गप्प बसायचं, मोबाइल खिशात, आणि आधी कान लावायचे. प्रोबॉसिस दिसायच्या आधी ऐकू येतं, एवढं वीस-बावीस किलोचं नर माकड एका झाडावरून दुसऱ्यावर उडी मारतं तेव्हा अख्खी फांदी कोसळल्यासारखा आवाज होतो, आणि मधूनच नर नाकातून जाड, घोगरा हाँऽक असा आवाज काढतो. त्या दिशेला दुर्बीण न लावता नुसत्या डोळ्यांनी बघत राहा, पान हललं की मग दुर्बीण. एक नर, बऱ्याच माद्या आणि पिल्लं असा कळप असतो, तरण्या नरांची टोळी वेगळी. मादीचं नाक छोटं आणि वर उचललेलं, नराचं मात्र हनुवटीच्या खाली लोंबणारं. त्या नाकावर 2018 साली एक चांगला अभ्यास आला, ज्या नराचं नाक मोठं तो अंगानेही मोठा, त्याचा आवाज वेगळा आणि त्याच्याकडे माद्या जास्त, असं त्यात निघालं. मुलीला हे आधी सांगून ठेवा, मग ती नाकं मोजायला लागेल आणि तासभर कंटाळणार नाही. ही माकडं जगात फक्त बोर्निओ बेटावर आहेत आणि नदीकाठची, खाडीकाठची जंगलं तोडली गेल्यामुळे संकटात आहेत, त्यामुळे दिसली की जवळ जायची घाई करू नका, झाडाखाली गोळा होऊन हाका मारू नका, कळप वर सरकला की तुमचा आणि तुमच्या मागून येणाऱ्यांचाही चान्स गेला.

चंदेरी वानरंही इथे खूप, ऑफिसच्या आवारात सुद्धा येतात. मोठी राखाडी-काळी आणि पिल्लू भडक नारिंगी. पहिले काही महिने तो रंग असतो, मग हळूहळू जातो. मुलं यावर फार खूश होतात.

ट्रेलचं विचारलंत तर एकच लांब ट्रेल करायचा असेल तर तलोक पांदान कचिल करा. एका बाजूने अडीच किलोमीटर, दीड तास. सुरुवातीला जंगलातून चढ, मग पठार, मग कड्याच्या टोकावर उभं राहिलात की खाली छोटासा वाळूचा किनारा आणि समुद्रात वाळूच्या दगडाचे कातलेले सुळके. लाटा ते बुडापासून खात असतात, त्यामुळे या किनाऱ्याचे आकार कायमचे नाहीत. पण मला या वाटेवर सगळ्यात जास्त ओढ आहे ती पठाराची. वर जमीन म्हणजे पांढरी वाळू आणि खाली खडक, पावसाने सगळं सत्त्व धुऊन नेलेलं, भातशेती तिथे होतच नाही. झाडं उंचीला खुरटी, ऊन थेट अंगावर. आणि अशा जमिनीत झाडांनी जगायच्या ज्या युक्त्या काढल्यात त्या बघायला मी परत परत जाते. वाटेच्या दोन्ही बाजूंना घटपर्णी, कधी जमिनीवर गोल बुटक्या घटांचे झुबके, कधी झुडपावर चढलेले लांबट घट, आत पाणी आणि त्यात बुडालेल्या मुंग्या. जमिनीत नायट्रोजन नाही म्हणून किड्यांकडून घ्यायचा. गोल बुटके घट असतात ती जात मात्र किड्यांबरोबर वरून पडणारा पालापाचोळाही जिरवते. आपल्याकडे कासला किंवा कोकणातल्या सड्यावर पावसाळ्यात दवबिंदू आणि सीतेची आसवं या किडे खाणाऱ्या वनस्पती बघितल्या असतील, तिथेही कारण हेच, कातळावर मातीच नाही. बाकोच्या माळावरही ओलसर वाळूत दवबिंदूच्या जाती आहेत, बसून शोधल्या तर सापडतात. शिवाय फांद्यांवर बटाट्यासारख्या गाठी असलेली झाडं दिसतील, त्या गाठी आतून पोकळ असतात आणि त्यात मुंग्यांची वस्ती, मुंग्या जो कचरा आत टाकतात त्यावर झाड जगतं. घटांत बोट घालू नका आणि ते तोडू नका, ट्रेलच्या कडेचे घट लोकांनी हाताळून हाताळून वाळलेले दिसतात तेव्हा खरंच वाईट वाटतं.

पठारावर सकाळी आठ-साडेआठच्या आत पोचा. दहानंतर ते तापतं आणि सावली नाही. पांदान कचिलच्या खाली उतरलात तर परत तेवढंच चढायचं आहे हे लक्षात ठेवा. बाकी लिंतांगचा फेरा आहे, पाच-साडेपाच किलोमीटर, तीन-चार तास, जवळजवळ सगळ्या प्रकारची जंगलं दाखवणारा, चालायची सवय असेल आणि दुसरी रात्र असेल तर जरूर करा. ताजोरचा धबधबा त्याहून लांब, पाणी चहाच्या रंगाचं, कुजलेल्या पानांतल्या टॅनिनमुळे. मुलीला घेऊन एकाच मुक्कामात हे दोन्ही जमवायला जाऊ नका. ट्रेलवर निघताना ऑफिसमध्ये नाव, ट्रेल आणि वेळ लिहायची असते आणि परत आल्यावर तेही नोंदवायचं, ते टाळू नका, कुणी आलं नाही तर तेवढ्यावरच ते शोधायला निघतात. वाटा झाडांवरच्या रंगांच्या खुणांनी आखलेल्या आहेत आणि कुठला ट्रेल बंद आहे तेही तिथेच कळतं, पायऱ्या किंवा पूल दुरुस्तीला असतात कधी कधी.

उन्हाचं मात्र हलक्यात घेऊ नका. सह्याद्रीत चाललेली माणसं म्हणतात अडीच किलोमीटर म्हणजे काय, आणि अर्ध्या वाटेत बसतात. विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे हे, हवा एवढी दमट की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. माणशी दोन लिटर पाणी अर्ध्या दिवसाला, त्यातल्या एका बाटलीत इलेक्ट्रॉल घालूनच निघा. कपडे पातळ सिंथेटिक, लांब बाह्यांचे, सुती टीशर्ट दिवसभर ओला राहतो. कुचिंगला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या कोकणाहून जास्त, आणि तो बाराही महिने वाटलेला, त्यामुळे मेमध्येही दुपारी एक सर येणार हे धरूनच चला. शिड्यांवर छत्रीचा उपयोग नाही, पातळ पोंचो घ्या. बुटांचं म्हणाल तर महागडे ट्रेकिंग शूज नसले तरी अडत नाही, कुचिंगच्या बाजारात काळे रबरी बूट मिळतात, तळाला स्टड असलेले, तिकडे लोक त्यांना आदिदास काम्पुंग म्हणतात, जंगलातले गाइड तेच घालतात. ओल्या मुळांवर पकड छान, आणि भिजले तरी झटकले की झालं. दुर्बीण 8 बाय 42 किंवा 8 बाय 32, त्याच्यावर जाऊ नका, दाट पानात मोठ्या झूमने काही सापडत नाही.

पहिल्याच रात्री नाइट वॉकला नाव द्या. पार्कचा गाइड जेवणानंतर आठच्या सुमारास घेऊन जातो, दीड-दोन तास. यात कोलुगो दिसायची चांगली शक्यता असते, हा मांजराएवढा प्राणी, मानेपासून शेपटीपर्यंत कातडीची चादर, दिवसा खोडाला चिकटून बसतो तेव्हा साल समजून आपण पुढे जातो आणि रात्री एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातो. शिवाय झोपलेले खंड्या, काडीकिडे, बेडूक, कोळी. लाजवंती (स्लो लोरिस) किंवा पिसोरी (माउस डिअर) दिसली तर ती रात्र भाग्याची. टॉर्च थेट डोळ्यांवर मारायचा नाही आणि फ्लॅश अजिबात नाही.

आता काळजीच्या गोष्टी. सगळ्यात जास्त त्रास सापांचा नाही, लांब शेपटीच्या साध्या माकडांचा होतो. ऑफिस आणि कँटीनभोवतीची ही माकडं प्लास्टिकची पिशवी म्हणजे खाऊ हे पक्कं ओळखून आहेत, हातातली पिशवी, टेबलावरचा डबा, उघडी खिडकी काही सोडत नाहीत. खाणं बॅगेत, बॅगेची चेन बंद, खोलीच्या खिडक्यांना कडी. समोर आलं तर डोळ्यात डोळे घालून बघू नका, दात दाखवून हसू नका, त्यांच्या भाषेत ती धमकी आहे. पळू नका, हळूच मागे सरका. मुलीला हे दोनदा सांगा. हातातलं काही कधीही देऊ नका, एकाने दिलेल्या बिस्किटाची किंमत पुढचे सगळे मोजतात आणि शेवटी माकडंच बदनाम होतात.

साप म्हणजे इथला चापडा, आपल्या मलबार चापड्याचा भाऊबंद म्हणा, हिरवागार, तिकोनी डोक्याचा, झुडपात किंवा कठड्याजवळच्या फांदीवर दिवसचे दिवस एकाच जागी बसून राहतो. विषारी आहे पण अंगावर येत नाही. कठडा किंवा फांदी धरायच्या आधी एकदा बघायचं, एवढी सवय लावा. कुठल्या फांदीवर बसलाय ते बहुतेक वेळा ऑफिसमधल्या लोकांना माहीत असतं, विचारा, मुद्दाम दाखवतात. आणि समुद्रात उतरायचं नाही. किनारा कितीही छान दिसला तरी या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, पाट्या लावल्यात त्या उगाच नाहीत.

दाढीवाली रानडुकरं ही बाकोची दुसरी ओळख, पूर्वी कँटीनसमोर निवांत चिखल उकरत असायची. 2021 पासून बोर्निओत आफ्रिकन स्वाइन फीवर पसरला आणि ही डुकरं फार मोठ्या प्रमाणात मेली, त्यामुळे आता हमखास दिसतील असं मी सांगत नाही. दिसली तर लांबून बघा.

सासूबाईंना नक्की न्या. त्यांच्यासाठी ट्रेल नकोत, पण खारफुटीवरचा लाकडी पूल सपाट आहे, तिथे संध्याकाळी बसल्या तर कदाचित तुमच्याआधी त्यांनाच प्रोबॉसिस दिसेल. खाली चिखलात निवट्या उड्या मारत असतात, एक नांगी मोठी असलेले रंगीत खेकडे, मोठ्या पाणघोरपडी, कोकणातल्या माणसाला यातलं निम्मं ओळखीचं वाटतं. समोर समुद्रापलीकडे सांतुबोंगचा डोंगर दिसतो, त्याच्या पायथ्याशी 1855 साली निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने एका जातीतून दुसरी जात कशी येत असावी यावरचा त्याचा निबंध लिहिला, डार्विन आणि त्याचं उत्क्रांतीवरचं संयुक्त लिखाण जगासमोर आलं त्याच्या तीन वर्षं आधी. मला त्या पुलावर बसून तो डोंगर बघायला फार आवडतं. सासूबाईंच्या बाबतीत अडचण एकच, बोट. ओहोटीला बोट धक्क्याला लागत नाही, मग उथळ पाण्यात उतरून वाळूवरून चालत यावं लागतं, गुडघ्याएवढं पाणी असू शकतं. म्हणून त्यांची येण्या-जाण्याची वेळ भरतीची धरा आणि पायात पट्ट्याच्या सँडल असू द्या.

जेवण कँटीनमध्येच. भात, भाज्या, अंडी, नूडल्स मिळतात, साधं पण गरम. शाकाहारी असाल तर मुद्दाम सांगा की बेलाचान नको, तिकडे पालेभाजीत सुद्धा आंबवलेल्या कोळंबीची चटणी घालतात. थेपले, चिवडा, मेतकूट बरोबर असेल तर सासूबाईंची सोय होते.

बुकिंग आत्ताच करा. पार्क सारवाक फॉरेस्ट्री कॉर्पोरेशनकडे आहे, खोल्या त्यांच्याकडूनच, आणि 1 व 2 जूनला गावाईची सुट्टी असते, सुगीचा सण, त्याच्या आसपास मलेशियातल्या शाळांनाही सुट्ट्या, खोल्या आधीच भरतात. शनिवार-रविवार टाळता आला तर बघा. सीझनच्या हिशोबाने मे उत्तम, नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र खवळलेला असतो आणि बोटींचा भरवसा नसतो. हां, पक्ष्यांसाठी कधी परत जाणार असाल तर मात्र ऑक्टोबर ते मार्च, बाको-बुंताल खाडीच्या चिखलावर तेव्हा उत्तरेकडून स्थलांतर करून आलेले किनारपक्षी उतरलेले असतात. भारतीय पासपोर्टला 1 डिसेंबर 2023 पासून मलेशियात 30 दिवस व्हिसा लागत नाही, तरी निघायच्या आधी नियम एकदा तपासा आणि डिजिटल अरायव्हल कार्ड भरा. सारवाकचं इमिग्रेशन वेगळं आहे, क्वालालंपूरहून कुचिंगला गेलात तरी पासपोर्ट दाखवावा लागतो.

तुमच्यासाठी मी असं बसवेन. पहिल्या दिवशी सकाळी कुचिंगहून निघून भरतीला बोट, अकरापर्यंत खोलीत सामान, दुपारी अजिबात बाहेर पडायचं नाही, झोपा. साडेतीनला तुम्ही आणि मुलगी तलोक देलिमा, सासूबाई पुलावर. सहाच्या आत परत, कारण इथे सूर्य मावळला की पाऊण तासही उजेड राहत नाही. जेवण, नाइट वॉक. दुसऱ्या दिवशी साडेसहाला उजाडता उजाडता पांदान कचिल, जाताना थांबत थांबत, साडेदहापर्यंत परत. त्यात मुलगी दमली असं वाटलं तर पठारापर्यंतच जा, कड्याखाली उतरू नका, बघण्यासारखं बहुतेक वरच आहे. दुपारची बोट. बोटवाल्याचा नंबर उतरताना घेऊन ठेवा आणि परतीची वेळ त्याच्याकडूनच ठरवून घ्या, पाण्याचा अंदाज त्याला आपल्या टेबलापेक्षा चांगला असतो, तो एक वाजता या म्हणाला तर दोनला गेलेलं चालत नाही.